पंचावन्न अडतीस

११ सप्टेंबर

झालं! विषय मंजूर. मॅडमनी कागदाच्या कोपऱ्यात लाल पेनानं एकच शब्द लिहिला — "करा." दोन वर्षांत त्यांच्याकडून मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

विषय असा — खेळ सोडलेल्या मुली. का सोडतात, सोडताना काय होतं, घरचे काय म्हणतात. समाजशास्त्र विभागालाही चालेल आणि क्रीडा विभागालाही. आमच्या अभ्यासक्रमाचं हेच तर दुखणं आहे. दोन विभाग, दोन इमारती, मध्ये गाड्या लावायची जागा. सकाळी शिट्टी सर मैदानावर पळवून पळवून जीव काढतात (शिट्टी गळ्यात घालूनच जन्मले असावेत), आणि दुपारी मॅडम विचारतात, "पण माणसं पळतात कशासाठी?"

बाबांच्या मते ना धड हे, ना धड ते. "खेळायचं तर खेळ, शिकायचं तर शीक. खेळाबद्दल शिकायचं म्हणजे काय? जेवणाबद्दल बोलून पोट भरतं का?" ते पंचवीस वर्षं क्लबच्या मैदानावर मुलांना पळायला शिकवतायत. त्यांना बोलायचा हक्क आहे.

मला मात्र हेच जमतं. मीही सात वर्षं पळाले. कधी चौथ्या नंबरच्या वर गेले नाही. पण का हरले ते मला नेहमी अगदी मुद्देसूद सांगता यायचं!

१४ सप्टेंबर

पाच मुली हव्यात. चार मिळाल्या — एक पोहणारी, दोन व्हॉलीबॉलच्या, एक जिम्नॅस्टिकवाली.

पाचवी कोण, ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. विचारायची छाती होत नाही.

२० सप्टेंबर

विचारलं ताईला. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासते. डोळ्यांवर जाड गॉगल, हात पांढरे. मी विषय सांगितला तशी मशीन बंद न करताच म्हणाली, "मी कुठे सोडलं? मला बाद केलं. तसं लिही."

बरोबरच आहे. सात वर्षांपूर्वीची निवड चाचणी. ताई अठरा वर्षांची. चारशे मीटरमध्ये तिच्या आसपास कुणी नव्हतं. क्लबच्या पाटीवर तिचा विक्रम अजून आहे, ५५.३८. त्या दिवशी ती पिस्तूल वाजायच्या आधी सुटली. एकदा सुटलं की बाद, दुसरी संधी नाही. लाल कार्ड. त्यानंतर तिनं बुटाला हात लावला नाही. बाबांनी मात्र स्टार्टरविरुद्ध लेखी तक्रार केली — 'सेट', म्हणजे 'तयार', म्हणून मुलींना ताटकळत ठेवलं, त्यामुळे आमची मुलगी हलली. स्टार्टर म्हणजे शर्यत सुरू करायचं पिस्तूल वाजवणारे, आमचे पिस्तूलकाका. आम्ही सगळी पोरं त्यांना हेच म्हणायचो. त्यांना पंचांच्या यादीतून काढून टाकलं.

तेव्हापासून बाबा आणि ताई यांचं बोलणं म्हणजे — "जेवलीस?" "हो." संपलं. ती वेगळी खोली घेऊन राहते. घरी येते ती बाबा मैदानावर असताना.

एक काच पुरी करून तिनं गॉगल वर केला. "नाव येणार नाही ना?"

"शप्पथ नाही."

"कुणाला कळणार नाही?"

"अगं, तोच तर आमचा नियम! नाव बदलायचं, गाव बदलायचं, वय, नाती, सगळं बदलायचं. मॅडम त्यावरून जीव घेतात."

"रविवारी ये मग. आणि शेपूट — बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये."

शेपूट म्हणजे मी. लहानपणी तिच्या मागे मागे फिरायचे म्हणून. एकवीस वर्षांची झाले तरी शेपूटच.

२८ सप्टेंबर

हे लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

तिनं चहा केला. मी संमतीपत्र पुढे केलं. तिनं पूर्ण वाचून सही केली. न वाचता सही करायची नाही, ही बाबांची शिकवण. रेकॉर्डर लावला आणि ठरवलेला पहिला प्रश्न विचारला. "खेळ कधी सोडला?"

"पिस्तूल वाजायच्या आधी."

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. तिनं मुद्दाम केलं होतं! आदल्या आठवड्यात ठरवून. जिंकली असती तर पुढचं शिबिर, त्यापुढचं शिबिर, आणि सगळीकडे प्रशिक्षक म्हणून बाबाच. हरायला मुद्दाम हळू पळावं लागलं असतं, आणि ते तिला जमलं नसतं. पाय ऐकले नसते, म्हणाली. सुटणं सोपं होतं.

मी विचारलं — यादीतला प्रश्न नव्हता हा — "सरळ सांगायचं ना, नको म्हणून?"

"कुणाला? प्रशिक्षकांविषयी बाबांना सांगितलं असतं. बाबांविषयी प्रशिक्षकांना सांगितलं असतं. दोघं एकाच खुर्चीत बसलेले, मी सांगू कुणाला?"

मग वजनकाट्याचं. तो जेवणाच्या टेबलाशेजारी असायचा, आधी त्यावर आणि मग ताटावर. मला आठवतोय तो काटा. मी त्याच्यावर बाहुली ठेवून खेळायचे. मला कधी कुणी चढवलं नाही त्याच्यावर. चौथ्या नंबरवालीचं वजन कोण बघतो?

आणि हाक. बाबा तिला नावानं हाक मारायचे नाहीत, वेळेनं मारायचे. "काय गं सत्तावन्न, झोप झाली नाही वाटतं?" "छप्पन्न, ऊठ." लाडानंच! आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा. ज्या दिवशी विक्रम झाला त्या दिवशी त्यांनी दारातूनच हाक मारली, "पंचावन्न अडतीस, इकडे ये, बाबांना मिठी मार." ती म्हणाली, "मिठी मारली मी. आणि मला वाटलं, उद्या सत्तावन्न लागले तर हा माणूस मला जवळ घेईल का?"

हे सांगताना ती रडली नाही. रडले मी. मुलाखत घेणाऱ्यानं रडायचं नसतं. मॅडमनी खास सांगितलं होतं.

शेवटी म्हणाली, "बाबा काकांवर धावून जातील, हे मात्र मी धरलंच नव्हतं. काका म्हणत होते, पिस्तूल बरोबर वाजलं, पोरीला विचारा. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी मान खाली घातली." मग कप उचलून धुवायला गेली.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा. कठड्यावर उभी राहून काकांना 'बहिरा, बहिरा' म्हणून ओरडत होते.

२९ सप्टेंबर

काही नाही. नुसती पडून.

१७ ऑक्टोबर

लिहून काढतेय. ताई झाली 'उत्तरदात्री क्र. ५'. बाबांना केलं मामा. गाव बदललं. वय दोन वर्षांनी वाढवलं. काचांच्या जागी शिवणकाम. मला ठेवायचं कुठे? धाकटी बहीण काढूनच टाकली. आमच्या घरातून मी गेल्यानं काही अडलं नाही, बघ!

हाकेचं मात्र तसंच ठेवलंय. "पंचावन्न अडतीस, इकडे ये." सगळ्या निबंधात याच्याइतकं जिवंत वाक्य दुसरं नाही. 'पंचावन्न' एवढंच लिहून बघितलं, पण मेलं वाटतं. शिट्टी सरांनी पहिल्याच वर्षी दमात घेतलं होतं — वेळ कधी गोल करायची नाही. शंभरावा भाग उडवलात तर खेळाडू उडवलात. तेव्हा जशीच्या तशी ठेवली.

६ नोव्हेंबर

मॅडमनी त्या वाक्याखाली दोनदा रेघ ओढली. समासात — "उत्कृष्ट." माझा निबंध दोन्ही विभागांच्या एकत्र बैठकीत वाचायचा ठरलाय!

वसतिगृहातून आईला फोन केला. आई म्हणाली, "बाबांना सांगू का?" मी म्हटलं, नको नको, त्यांना कुठे वेळ असतो. आई म्हणाली, "अगं, विचारतात ते तुझं. तुला वाटतं तसे नाहीत."

९ डिसेंबर

वाचला. टाळ्या.

आणि मग वाट लागली.

लोक पांगल्यावर शिट्टी सर जवळ आले. नेहमी येतात तसे दणदण नाही. हळू. म्हणाले, "ही तर पाटीवरची वेळ आहे."

मी म्हटलं, "कुठली पाटी, सर?"

"अगं पोरी, ती पाटी मी रंगवली आहे. तुझ्या बाबांच्या हाताखाली होतो तेव्हा. सात वर्षं रोज येता-जाता बघतो. चारशे मीटर, पंचावन्न अडतीस. अशी मुलगी एकच."

पाचावर धारण बसली माझी. नाव बदललं, गाव बदललं, बापाचा मामा केला. आणि तिची वेळ तशीच ठेवली! मैदानावरच्या कुठल्याही माणसाला विचारा, वेळ म्हणजे नाव. नावापेक्षा पक्की. एका नावाच्या दहा जणी असतील, पंचावन्न अडतीस एकच आहे. हे मला माहीत नव्हतं? मला? मी त्याच मैदानावर वाढलेय! मॅडमना नाही दिसलं, ते समजू शकते, त्यांना तो आकडा होता. शिट्टी सरांच्या वर्गातल्या कुणालाही दाखवला असता तर पहिल्या मिनिटात बोट ठेवलं असतं. दोन्हीकडचं शिकते म्हणून मिरवते आणि नेमकी मधल्या खड्ड्यात पडले.

सरांचे हात धरले. म्हटलं, बाबांना बोलू नका, पाया पडते.

सरांचा चेहरा उतरला. "सकाळीच पाठवला गं त्यांना. तू लिहिलाय म्हणून. तेव्हा मी वाचला नव्हता. मला वाटलं, सर खूश होतील."

१० डिसेंबर

अजून वाचला नसेल. बावीस पानं आहेत. बाबा बातम्याही मथळ्यापुढे वाचत नाहीत.

११ डिसेंबर

नसेलच वाचला.

१३ डिसेंबर

आईचा फोन. "तुझे बाबा तीन दिवस मैदानावर गेले नाहीत. ताप नाही, काही नाही. खिडकीत बसतात. काय पाठवलंस तू त्यांना?"

पंचवीस वर्षांत बाबा मैदानावर गेले नाहीत असे दिवस मला बोटांवर सांगता येतील.

मी आईला सांगून टाकलं. सगळं. आई म्हणाली, "तो काटा मीच उचलून माळ्यावर टाकला होता. ती गेली त्या आठवड्यात. मला वाटलं, पुरे झालं." मग म्हणाली, "आधीच टाकायला हवा होता," आणि फोन ठेवला.

१५ डिसेंबर

ताईला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच गेले. मागच्या खोलीत उभी राहून घडाघडा बोलले. ती काच घासत होती. घासतच राहिली. मी थांबले तेव्हा तिनं काच उजेडासमोर धरून बघितली, चुकली होती, बाजूला ठेवली.

"मी सही केली होती ना त्या कागदावर?"

"हो."

"वाचून केली होती."

"हो ताई."

"मग त्याचं काय केलंस तू?"

ओरडली असती तर बरं झालं असतं! दोन थोबाडीत मारायच्या. तिनं नवीन काच घेतली आणि मशीन चालू केली. मी वीस मिनिटं उभी होते. मग दुकानदार म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक आहात का?" मी बाहेर पडले.

१८ डिसेंबर

फोन उचलत नाही.

२ जानेवारी

उचलत नाही.

९ जानेवारी

मॅडमकडे जाऊन निबंध मागे घेतला. प्रती गोळा केल्या, एक एक टेबल फिरून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मॅडम म्हणाल्या, "तू नाव बदललंस, ओळख नाही बदललीस. पण मीही रेघ ओढली होती. दोनदा." मग त्यांनी विचारलं, "बहीण आहे का?" मी मान हलवली. खिडकी लावून घेतली त्यांनी आणि मला रडू दिलं.

नवीन विषय द्यायला सांगितलाय. मैदानाच्या देखभालीवर देईन. गवताला नाव नसतं.

२६ जानेवारी

घरी गेले होते. बाबा खिडकीत. दाढी वाढलेली. माझ्याशी वाईट वागले नाहीत, तेच सहन होईना. "ये. बस. चहा घेतेस?" मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं. ते म्हणाले, "तू काय खोटं लिहिलंस?"

मग जेवायला बसलो. मध्येच त्यांनी टेबलाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. तिथे आता काही नाही, चौकोनी डाग आहे फरशीवर. घास तसाच हातात. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आईला असं करताना मी कधी बघितलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

बाबांचा फोन! त्यांनी स्वतः लावलेला. "पिस्तूलकाका राहतात कुठे, काढशील शोधून? तुमच्या कॉलेजात जुने पंच येतात ना?"

शिट्टी सरांना पत्ता माहीत होता. त्यांनी दिला, पण काहीतरी बोलायचं होतं आणि बोलले नाहीत.

१५ फेब्रुवारी

बाबांबरोबर गेले. दोन बस बदलून. त्यांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट. बसमध्ये त्यांचे ओठ हलत होते. पाठ करत होते काय बोलायचं ते, पहिल्या शर्यतीला निघालेल्या मुलासारखे.

तिसरा मजला. काकूंनी दार उघडलं. बाबांनी नाव सांगितलं. त्यांना ओळखायला क्षणही लागला नाही.

"उशिरा आलात," त्या म्हणाल्या.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. छातीत दुखायला लागलं आणि गेले. शिट्टी सर हेच बोलायचे राहिले असणार.

त्यांनी आम्हाला आत घेतलं. पाणी दिलं. तावातावानं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "शेवटपर्यंत एकच सांगायचे. पिस्तूल बरोबर वाजलं होतं. इथे, या खुर्चीत बसून 'सेट' म्हणायचे आणि मनात मोजायचे. मला म्हणायचे, तूच सांग, जास्त झालं का? मला काय कळतंय त्यातलं! मी म्हणायचे, नाही हो, बरोबर आहे."

बाबा उभे राहिले. म्हणाले, "बरोबरच होतं. तक्रार खोटी होती. मी तसं पंचमंडळाला लिहून दिलंय. परवाच दिलं. मला वाटलं होतं, त्यांच्या हातात ठेवीन." खिशातून कागदाची प्रत काढली आणि कुणाला द्यावी ते त्यांना कळेना. काकूंनी घेतली. चष्मा आणायला आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्याच नाहीत.

परतीच्या बसमध्ये मी बाबांचा हात धरून बसले होते. आमच्यात असं कुणी करत नाही.

१९ फेब्रुवारी

बाबा आज ताईच्या दुकानासमोर गेले होते. आईनं सांगितलं. समोरच्या फुटपाथवर तासभर उभे राहिले आणि परत आले. आत गेले नाहीत.

ताई माझा फोन अजून उचलत नाही. मी रोज एकदा लावते. वाजतो तेवढा वेळ मी तिच्या खिशात असते, एवढं तरी.

२ मार्च

बाबांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून!

आज घरून निघताना जिन्यात सांगितलं, माझ्याकडे न बघता. "ती चुकून सुटणाऱ्यातली नव्हती. नऊ वर्षं मी तिला सुटायला शिकवलं. पिस्तूल वाजायच्या आधी मला कळलं, ही आता जाणार. काट्याचं तिला एवढं लागलंय, ते नव्हतं माहीत. हाकेचं नव्हतं. पण मुद्दाम सुटली, हे माहीत होतं."

मी म्हटलं, मग काकांवर का ओरडलात? तक्रार का केलीत?

"मग काय, पोरीला बोल लावू देऊ सगळ्यांना?"

मग तिला का नाही सांगितलंत, बाबा? सात वर्षं?

"ती सांगेल म्हणून थांबलो होतो."

आणि सांगितलं मी.